रव्यांची वही

सकाळी सव्वासहाला गुळव्या महादबा
काहिलीतला एक थेंब पाण्यात सोडतो,
गोळी धरते का, बोटांनी चाचपतो,
म्हणतो, "अजून दोन कढ."

त्याच वेळी सोप्यात बसून
मी मधल्या बोटाला सुई टोचते.
माझाही एक थेंब.
मशीन पाच सेकंद विचार करतं.
एकशे चार.

वसगड्यात आमचं गुऱ्हाळ.
दसरा झाला की अंथरुणाला, केसांना, देवाच्या वस्त्रालासुद्धा
काकवीचा वास.
आणि नेमका सातवा महिना.
"गुळाच्या घरात दिली नि गुळानंच धरलं बघ हिला,"
शेजारच्या कमळाकाकू हसल्या.
मीही हसले.
रात्री रडले, ते निराळं.

सीपीआरमध्ये मुल्लाणीबाईंनी
कागदावर ताट काढलं.
अर्ध्यात मेथी, दोडका, वांगं,
एका कोपऱ्यात मटकी,
उरलेल्या कोपऱ्यात भाकरी.
"एकच?"
"एकच. तुमच्या तळहाताएवढी. सासूबाईंच्या नव्हे."
सासूबाईंची भाकरी त्यांनी पाहिलीही नव्हती.

"साखर बंद, पटलं," सासूबाई पदर सावरत म्हणाल्या,
"पण आमचा गूळ बिनकेमिकलचा हाय."
मुल्लाणीबाई हळूच बोलल्या,
"आई, रक्ताला रंग कळत नाही.
पांढरं काय नि पिवळं काय."

परतीच्या बसमध्ये सासूबाई
तावडे हॉटेल मागं पडेपर्यंत गप्प.
एवढा डोंगर गुळाचा त्यांनी आयुष्यभर रचला,
चार माणसांत कुणीतरी त्याला साखर म्हणालं होतं.

आप्पांनी मात्र रव्यांची वही उघडली.
डाव्या पानावर रवे, वजन, शाहूपुरीतला भाव.
उजव्या पानावर मी.
उपाशी १०४. पोह्यांनंतर १४१, बाजार चढा.
नाचणीच्या आंबिलीनंतर ११८, स्थिर.
डोहाळजेवणादिवशी १६८.
पुढं बारीक अक्षरात: पाव्हण्यांमुळं.

जेवले की मी चालते,
चिपाडांच्या ढिगापासून विहिरीपर्यंत, वीस फेऱ्या.
शीतल सोबत येतो, मोबाईलवर पावलं मोजतो,
मध्येच विसरतो, पुन्हा एकपासून सुरू करतो.
महादबा चुलवाणातला धूर टाळून
मला वाऱ्याच्या बाजूनं वाट देतो.
पोटातलं ते काकवीच्या वासाला लाथ मारतं.
आवडला म्हणून की नको म्हणून,
कुणी सांगावं.

अडलं होतं ते एवढ्याचसाठी:
झोपताना कपभर दूध घ्या, चार शेंगा घ्या,
रात्रभर पोट रिकामं ठेवू नका, असं बाई म्हणाल्या होत्या.
आमच्यात दिवस मावळला की चूल बोलत नाही.
सासूबाईंनी छत्तीस वर्षांत
अंधारात पाण्याशिवाय काही घेतलं नाही.
मी मागितलं नाही. त्यांनी विचारलं नाही.
नऊ सकाळी वहीत शंभराच्या वर.

दहाव्या रात्री उशाशी भांडं वाजलं.
वर ताटली झाकलेली.
"त्रिशला, नेम माझा हाय.
पोटातल्याला अजून नेम नसतो."
एवढं बोलून त्या भिंतीकडं तोंड करून निजल्या,
मला पिताना बघायला नको म्हणून.

साखर नाही, गूळ नाही.
दुधाला स्वतःची गोडी असते
हे मला गुळाच्या घरात येऊन
चार वर्षांनी कळलं.

सकाळी ९३.
आप्पांनी चष्मा पुसला, आकडा दोनदा गिरवला.
बाहेर महादबा ओरडला,
"उतरवा रं काहील!"

दुपारी पुन्हा एकशे पस्तीस.
भात. दोन घास जास्त.
आप्पांनी तेही लिहिलं.